मृत्यूच्या दरीतील तीन बिऱ्हाडे

राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाट जंगल, पाणवठा आणि वाघ उभा राहतो. महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणजे १९५५ साली जाहीर झालेले ताडोबा. तेथून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न वाघ दिसला का, हाच विचारतो. पण जेथे वर्षाकाठी जेमतेम दोन इंच पाऊस पडतो, जेथे मैलोन् मैल सावलीला झाड नाही, अशा ओसाड मुलखालाही राष्ट्रीय उद्यान म्हणून जपले जाते, आणि लोक बायकामुलांसह तेथे तंबू ठोकून राहतात, रानवाटा तुडवतात, हे आपल्याला चमत्कारिक वाटते. अशा ठिकाणी माणसे का जातात व कशी राहतात, याचा विचार करण्यासाठी हा लेख लिहिला आहे. उदाहरण म्हणून अमेरिकेतील डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूची दरी, हे उद्यान निवडले आहे. मी ते पाहिलेले नाही. लेखाचा आधार वाचनाचा आहे. मात्र पाणी मोजून वापरणाऱ्या मुलखात वाढल्यामुळे वाचताना काही गोष्टी ओळखीच्या वाटल्या, त्यांचा उल्लेख ओघात येईल.

या दरीत निरनिराळ्या काळी तीन प्रकारच्या कुटुंबांनी मुक्काम केला. एक वाट चुकलेले, दुसरे पाहुणे म्हणून येणारे, आणि तिसरे घरचे. या तीन बिऱ्हाडांची तुलना केली म्हणजे वाळवंट माणसाला केव्हा मारते आणि केव्हा सांभाळते, हे स्पष्ट होते.

दरीची घडण

ही दरी कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व सीमेवर आहे. उद्यानाचा थोडा भाग शेजारच्या नेवाडा राज्यात जातो. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १३,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षाही अधिक आहे. दरी नदीने कोरून काढलेली नाही. भूकवचाला भेगा पडून दोन बाजूंचे डोंगर उचलले गेले व मधला पट्टा खाली खचला. त्यामुळे बॅडवॉटर या ठिकाणी जमीन समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. उत्तर अमेरिका खंडातील हा सर्वांत खोल भूभाग होय. आणि याच दरीच्या पश्चिमेला टेलिस्कोप पीक हे शिखर ३,३६८ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे. पायथ्याशी मिठाची पांढरी चादर आणि माथ्यावर हिवाळ्यात बर्फ, असे दृश्य एकाच नजरेत दिसते.

पावसाच्या अभावाचे कारण आपल्याला नवीन नाही. पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या वाऱ्यांना येथे पोहोचण्यापूर्वी चार डोंगररांगा ओलांडाव्या लागतात. प्रत्येक रांगेवर थोडे थोडे पाणी सांडत ते वारे शेवटी कोरडे होऊन दरीत उतरतात. सह्याद्रीच्या आड पडल्यामुळे आमचा माणदेश दुष्काळी झाला. तेच कारण येथे चौपट झाले आहे असे म्हणता येईल. दरी अरुंद व खोल असल्याने तापलेली हवा वर जाते, पण डोंगरांच्या भिंतींमुळे तिला नीट बाहेर पडता येत नाही. थोडी निवून ती पुन्हा खाली येते, आणि खाली येताना दाबामुळे आणखी तापते. १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत पृथ्वीवरील हवेचे सर्वाधिक तापमान म्हणून हीच नोंद आहे. तिच्या अचूकतेबद्दल काही शास्त्रज्ञांनी शंकाही घेतल्या आहेत. परंतु एका दिवसाचा विक्रम बाजूला ठेवला तरी जुलै महिन्यात दुपारचे तापमान सरासरीनेच ४७ अंशांच्या घरात असते. १५ जुलै १९७२ रोजी जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान ९३.९ अंश भरले होते. पाणी उकळण्यास त्याहून सहा अंश अधिक लागतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

वाट चुकलेल्यांचे बिऱ्हाड

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी पसरली आणि पूर्वेकडून बैलगाड्यांचे तांडे निघाले. त्यांपैकी काही गाडीवानांनी १८४९ च्या शेवटी रुळलेली वाट सोडली, जवळचा रस्ता म्हणून दुसरी दिशा धरली आणि डिसेंबरात ते या दरीत येऊन अडकले. पुढे पॅनामिंट डोंगरांची भिंत, मागे परतण्याचे त्राण नाही. या लोकांत बेनेट व आर्केन ही लहान मुले असलेली कुटुंबे होती. त्यांनी एका झऱ्याजवळ गाड्या सोडल्या आणि विल्यम लुईस मॅन्ली व जॉन रॉजर्स या दोन तरुणांना मदत आणण्यासाठी पायी पुढे पाठवले. बैल मारून त्यांच्या वाळवलेल्या मांसावर दिवस काढायचे, असा तो मुक्काम होता. दोघे तरुण शेकडो किलोमीटर चालून वस्तीपर्यंत गेले आणि अन्न घेऊन परत आले. या येण्याजाण्यात सव्वीस दिवस लागले. ते परत येणार नाहीत अशी धास्ती मागे राहिलेल्यांना पडली असल्यास नवल नाही. परतीच्या प्रवासात सर्वांत लहान मुलांना जाड सदऱ्यांच्या केलेल्या पिशव्यांत बसवून बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लटकवले होते. मॅन्लीने म्हातारपणी, १८९४ साली, ही हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

दरीतून बाहेर पडताना या लोकांनी मागे वळून तिला मृत्यूची दरी म्हणून निरोप दिला, अशी नावाची कथा सांगतात. वास्तविक त्या टोळ्यांपैकी या दरीत मरण पावल्याचे निश्चित माहीत असलेले माणूस एकच. शिवाय तो हिवाळा होता, म्हणजे दरीतील सुखाचा ऋतू. त्यांना मारायला निघाले ते ऊन नव्हते. पाणी कोठे आहे, खाण्याजोगे काय आहे, डोंगरातून वाट कोणती, यांपैकी काहीच त्यांना ठाऊक नव्हते. जे नाव आज नकाशावर आहे, ते अनोळखी माणसाच्या भीतीने ठेवलेले आहे.

पाहुण्यांचे बिऱ्हाड

११ फेब्रुवारी १९३३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवला, आणि ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९३३ ते १९४२ या काळात, मंदीमुळे बेकार झालेल्या तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून येथे रस्ते व मुक्कामाच्या जागा बांधल्या गेल्या. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर बांधलेले रस्ते व तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना लगेच पटेल. आज मोटारीतून येणारे कुटुंब त्याच रस्त्यांवरून येते.

अशा कुटुंबाचा मुक्काम कसा असतो? पहिला प्रश्न जागेचा नसून महिन्याचा असतो. नोव्हेंबर ते मार्च हा काळ दरीच्या तळाशी राहण्याचा. फर्नेस क्रीकची तंबूची जागा समुद्रसपाटीच्या सुमारे ६० मीटर खाली आहे. तेथे पिण्याच्या पाण्याचे नळ, जेवणाचे बाकडे व चुलीसाठी लोखंडी कडे असते. डिसेंबरात दुपारी सुखद ऊन पडते, पण रात्री पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, म्हणून वाळवंटाला जाताना जाड पांघरुणे न्यावी लागतात. उन्हाळ्यात तेथे तंबूत राहणे शहाणपणाचे नाही. मग मुक्काम वर सरकतो. वाइल्डरोजची जागा सुमारे १,२५० मीटर उंचीवर, आणि त्याच्याही वर महॉगनी फ्लॅटची सुमारे २,५०० मीटरवर आहे. उंचीबरोबर हवा थंड होत जाते, हा शाळेत पाठ केलेला नियम येथे एका दिवसात अंगाला कळतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी हवे, असे उद्यानाचे सांगणे आहे. चार माणसांच्या कुटुंबाने दोन दिवसांचा हिशेब केला तर बत्तीस लिटर होतात, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन भरलेल्या कळशा. आणि मोटार बंद पडल्यास लागणारे पाणी वेगळे. तहान लागण्याची वाट पाहायची नसते, कारण कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो व शरीरातील पाणी गेलेले कळत नाही.

तिसरा प्रश्न दिवसाच्या मांडणीचा. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नये, असा इशारा दिलेला असतो. हिवाळ्यातही शहाणी माणसे पहाटे झाब्रिस्की पॉइंटवर उभी राहून सूर्योदय पाहतात. पिवळ्या मातीच्या सुरकुत्यांवर ऊन हळूहळू उतरते. मग ऊन वर येण्याआधी गोल्डन कॅनियनची वाट धरायची. तिच्या टोकाशी तांबड्या कड्यांची भिंत आहे. जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटर चाल पडते, म्हणजे दहा वर्षांच्या मुलालाही जमण्यासारखी. या वाटेवर जुन्या डांबरी रस्त्याचे तुकडे आढळतात. १९७६ सालच्या पावसात आलेल्या लोंढ्याने तो रस्ता वाहून नेला आणि पुढे तो पुन्हा बांधला नाही. तिसऱ्या प्रहरी मेस्काइट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर जावे. तेथे पायवाट नाही. वाळूवर उमटलेल्या किड्यांच्या, सरड्यांच्या व कोल्ह्याच्या पावलांवरून रात्री कोण कोठे गेले हे मुलांनी ओळखायचे. मुलांसाठी उद्यानाने प्रश्नांची पुस्तिका केली आहे. ती भरून दाखवणाऱ्या मुलाला बाल-रक्षकाचा बिल्ला मिळतो. रात्री दिवे मालवले की आकाशगंगा स्पष्ट दिसते. येथील काळोख जपल्याबद्दल २०१३ साली या उद्यानाला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली.

नियमही पुष्कळ आहेत. उद्यानातील वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. लाकूड बाहेरून आणायचे. कोल्ह्यालांडग्यांच्या जातीच्या कायोटी या प्राण्याला वा कावळ्यांना खायला घालायचे नाही, कारण माणसाच्या हाताची सवय लागलेले जनावर रस्त्यावर येते व मरते. दगड, फूल, जुन्या खाणीतील खिळासुद्धा घरी न्यायचा नाही.

हे नियम व इशारे म्हणजे नुसती सरकारी कटकट नव्हे. जुलै १९९६ मध्ये जर्मनीहून आलेले दोन प्रौढ व दोन मुले दरीच्या एका दुर्गम भागात मोटार घेऊन शिरली आणि नाहीशी झाली. ऑक्टोबरात त्यांची गाडी एका ओसाड घळीत सापडली. टायर फाटलेले होते. त्यातील मोठ्या माणसांचे अवशेष सापडायला २००९ साल उजाडावे लागले. नकाशावर जी रेघ रस्त्यासारखी दिसते, ती प्रत्यक्षात मोटारीच्या उपयोगाची असेलच असे नाही. आजही उद्यानाच्या मोठ्या भागात मोबाइल चालत नाही.

आणि ज्या मुलखात पाऊस नाही, तेथे पुराचीही भीती असते. उघड्या, कडक जमिनीत पाणी मुरत नाही. डोंगरावर पडलेली सर घळीतून लोंढा होऊन खाली येते. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळामुळे फर्नेस क्रीक येथे एका दिवसात २.२ इंच, म्हणजे वर्षभराहून जास्त पाऊस झाला. रस्ते वाहून गेले आणि उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. बॅडवॉटरच्या मिठाच्या पठारावर तळे साचले व ते पुढील वर्षीच्या वसंतापर्यंत टिकले. तंबू घळीच्या तोंडाशी ठोकू नये, हा साधा नियम त्यासाठीच आहे.

घरच्यांचे बिऱ्हाड

आता तिसरे बिऱ्हाड. ही दरी टिंबिशा शोशोनी या आदिवासी जमातीची जन्मभूमी आहे. टिंबिशा हे नाव येथील तांबड्या गेरूवरून आले आहे. आपल्या भूमीला मृत्यूचे नाव दिलेले त्यांना आवडत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. ज्या ऋतूत बेनेट कुटुंब उपासमारीला आले, त्याच ऋतूत टिंबिशांची कुटुंबे दरीच्या तळाशी झऱ्यांजवळ येऊन राहत असत. उन्हाळ्याच्या तोंडाला मेस्काइटच्या शेंगा पिकत. आपल्याकडे ओढ्याकाठी माजणारी वेडी बाभूळ याच झाडाची बहीण आहे. त्या शेंगा कुटून त्यांचे पीठ करायचे, वड्या करून ठेवायच्या. मग कडक ऊन सुरू झाले की सारे बिऱ्हाड पॅनामिंट डोंगरात वर चढायचे. शरद ऋतूत तेथील पिनियन नावाच्या पाइन झाडांच्या बिया गोळा करायच्या, भाजून साठवायच्या, आणि थंडी पडू लागली की पुन्हा खाली यायचे.

वाचकांच्या ध्यानात येईल की आजच्या पाहुण्याला मुक्कामाची जी दोन टोके दिली आहेत, हिवाळ्यात फर्नेस क्रीक आणि उन्हाळ्यात वाइल्डरोज किंवा महॉगनी फ्लॅट, ती याच जुन्या येण्याजाण्याच्या वाटेवरची आहेत. येथे १८८३ साली टाकणखाराचा कारखाना काढणाऱ्या कंपनीलाही हाच धडा घ्यावा लागला. उन्हाळ्यात द्रावण इतके तापे की त्यातून टाकणखाराचे स्फटिक खाली बसत नसत. म्हणून त्या महिन्यांत तिने आपले काम अधिक थंड ठिकाणी हलवले. दरीत टिकण्याचा उपाय एकच : तिच्याशी झुंजू नये, वेळेवर उठून वर जावे.

परंतु ज्यांनी हा उपाय शोधला, त्यांनाच तो महाग पडला. १९३३ साली स्मारक जाहीर झाले तेव्हा टिंबिशांना कोणी विचारले नाही. १९३६ साली फर्नेस क्रीकजवळ चाळीस एकरांत त्यांच्यासाठी मातीच्या विटांची घरे बांधून दिली गेली. पुढे, १९५० नंतरच्या दशकात, जी घरे रिकामी दिसतील ती पाडून टाकावीत असे धोरण उद्यानाच्या प्रशासनाने धरले. उन्हाळ्यात कुटुंबे नेहमीप्रमाणे डोंगरात गेली असताना पाण्याच्या नळाने मातीच्या भिंती विरघळवून टाकल्या, अशी आठवण जमातीतील वृद्धांनी सांगितली आहे. ज्या दरीत पाण्याचा थेंब मोलाचा, तेथे घर पाडायला पाणी वापरले गेले!

हे वाचून माझे मन घरी गेले. माझे आजोबा मेंढरे राखत. दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडांचा व मेंढरांचा तांडा, घाटाखाली उतरायचा आणि पावसाळ्याच्या आधी परतायचा. सहा-सहा महिने गावातल्या घराला कुलूप असे. पण ते घर सोडलेले घर आहे, असे गावात कोणी म्हटले नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या दाराला आजही असेच कुलूप दिसते. घर बंद असणे आणि घर सोडलेले असणे यांतला फरक फिरत्या माणसाला कळतो. दप्तरात वर्षभराचा एकच पत्ता मागणाऱ्याला तो सहसा कळत नाही.

टिंबिशा मात्र हटले नाहीत. थोडी कुटुंबे त्या चाळीस एकरांत टिकून राहिली. १९८३ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने जमातीला मान्यता दिली. २००० साली खास कायदा होऊन निरनिराळ्या ठिकाणची मिळून साडेसात हजार एकरांहून अधिक जमीन जमातीला परत मिळाली. त्यांतील तीनशेहून अधिक एकर प्रत्यक्ष फर्नेस क्रीक येथे, उद्यानाच्या मध्यभागी आहेत. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मूळ रहिवाशांचा हक्क असा कायद्याने मान्य होणे, ही लहान गोष्ट नव्हे.

उपसंहार

तीन बिऱ्हाडांचा हिशेब आता मांडता येईल. पहिल्याला दरी ठाऊक नव्हती, म्हणून दोन तरुणांच्या पायांवर त्याचा जीव तगला. दुसऱ्याला दरी ठाऊक नसते, पण नळ, रस्ते, सूचनाफलक व रक्षक यांच्या रूपाने दुसऱ्यांचे ज्ञान त्याच्या हाती येते. ते त्याने ऐकले तर मुलांसह आनंदाने राहून परत जाते, न ऐकले तर घात होतो. तिसऱ्याला दरी पुरती ठाऊक होती, आणि तरीही त्याचे घर पाडले गेले, कारण त्याचे जाणे हे पुन्हा येण्यासाठी असते हे कोणी समजून घेतले नाही.

निसर्ग राखायचा म्हणजे माणसे काढायची, असा एक समज आपल्याकडेही अभयारण्यांच्या चर्चेत वारंवार डोके वर काढतो. जनावरांना निवांत जागा हवी, हे खरेच आहे. पण कोणत्या झऱ्याला केव्हा पाणी असते, कोणत्या महिन्यात कोठे राहू नये, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच बाहेर काढले, तर त्या भूमीबद्दलचे निम्मे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते. मग तेच ज्ञान फलकावर लिहून पाहुण्यांना शिकवावे लागते. डेथ व्हॅलीत हिवाळ्याच्या रात्री शेकोटीपाशी बसलेल्या आईबापांनी मुलांना तारे दाखवावेत, वाळूतल्या पाउलखुणा ओळखायला शिकवावे. आणि त्याबरोबर हेही सांगावे की आपण येथे दोन रात्रींचे पाहुणे आहोत, आणि घरचे लोक जवळच राहतात.